जावई काय बोलते

फेब्रुवारीतल्या एका रविवारी, रस्त्यावरचे दिवे अजून विझले नव्हते तेव्हा, ताराचंदने गोळीबार चौकामागच्या आपल्या गल्लीतून सायकल काढली. डोक्याला मफलर, मफलरखाली डाव्या कानात ऐकायचं मशीन आणि खिशात रुमालात बांधलेली चार बिस्किटं. जायचं होतं गोरेवाड्याच्या जंगलात. तिथे महिन्यातून एकदा सकाळी पाखरं दाखवायला नेतात. पुढे एक माहितगार असतो आणि मागे वीस-पंचवीस माणसं माना वर करून चालतात. आता ज्या माणसाला घरचा कुकर झाला की नाही हे वाफ बघून ठरवावं लागतं, त्याने पाखरांसाठी दहा किलोमीटर सायकल मारावी, हे लोकांना कळलं असतं तर म्हाताऱ्याचं डोकं फिरलं असंच म्हणाले असते. म्हणून ताराचंदने कोणाला सांगितलंच नाही. तसंही सांगायला घरात कोणी नव्हतं.

त्याला सगळी पाखरं नको होती. एकच हवं होतं. त्याचं नाव जावई, आणि ते काय बोलतं एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं.

ताराचंद विणकराच्या घरचा. बाराव्या वर्षी बापाच्या हातमागावर बसला. त्या काळी त्यांच्या गल्लीत पहाट म्हणजे माणसांची गर्दी. पाजणी असायची. म्हणजे ताण्याचं सूत गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणायचं, त्याला खळ पाजायची आणि ऊन चढायच्या आत कुंचे फिरवून ते मोकळं करून घ्यायचं. एकट्याचं कामच नव्हे ते. आज तुझी पाजणी, उद्या माझी. न बोलावता आठ-दहा जण हजर. लग्न होऊन वच्छला घरात आली, तेव्हा ती पहाटे उंबऱ्यातूनच हाक मारायची, "उठा जी, सूत वाट पाहून राहिलं." एका हाकेत ताराचंद उठून बसायचा. त्या वेळी कान असे होते की शेजारच्या घरात धागा तुटला तरी कळावा, असं तो सांगायचा. थोडं वाढवून सांगायचा, पण फार नाही.

मग हातमाग बसले. साड्या मशीनवर निघू लागल्या आणि ताराचंद पॉवरलूमच्या शेडमध्ये लागला. एका पत्र्याखाली चोवीस माग, आणि चोवीस वर्षं. तिथे कोणी कोणाशी बोलत नसे. ओठ हलवायचे आणि बोटांनी खुणा करायच्या. नवीन आलेला माणूस महिनाभर ओरडून बघतो, मग तोही ओठ वाचायला शिकतो. कानांचं काय होतंय हे विचारायला त्या आवाजात सवड कोणाला? आधी पाखरं गेली. पाखरं गेलेली कळतही नाहीत, कारण सकाळी उठून पाखरं हजर आहेत का हे कोण तपासतं? मग पोरांचे बारीक आवाज गेले, मग दाराची कडी गेली. ताराचंदला वाटायचं, लोकच हल्ली पुटपुटत बोलतात.

शेड बंद पडली तेव्हा तो पन्नाशीच्या आत होता. पुढे एका कापडाच्या दुकानात गठ्ठे उचलायचं काम मिळालं, ते सकाळी दहाला सुरू व्हायचं. त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा नवराबायको उंबऱ्यात बसून निवांत चहा प्यायला लागले. समोर कडुनिंब. एके दिवशी वच्छला म्हणाली, "आला जी तो जावई."

"कोण जावई?" ताराचंदने गल्लीत बघितलं. त्यांना मुलगीच नव्हती. एकटा हेमराज, तोही तेव्हा शाळेत.

"तो नाही का, पाखरू. कसा मिरवून राहिला पहा. सासऱ्याच्या घरी आल्यावानी." आणि तिने पदर दोन्ही हातांनी मागे पसरून, बसल्या बसल्या एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे अंग वळवून दाखवलं. ताराचंद पोट धरून हसला. मग तिने विचारलं, "बोलला ना आता? ऐकलं?"

ताराचंदने काहीच ऐकलं नव्हतं. पण एवढीशी गोष्ट, त्यात काय? तो म्हणाला, "हो. बोलून राहिला."

खोटं एकदा बोललं की रोज बोलावं लागतं. ती रोज विचारायची, "बोलला ना?" आणि तो रोज म्हणायचा, "हो." वीस वर्षं. गंमत म्हणजे त्याने तो जावई डोळ्यांनीही धड पाहिला नाही. ती बोलत असताना त्याला तिच्या ओठांकडे बघावं लागायचं. नजर झाडाकडे नेली तर बोलणं निसटायचं. म्हणून वच्छला झाडाकडे बोट करायची आणि ताराचंद वच्छलाकडे बघायचा. बघणाऱ्यांना वाटायचं, या वयातही काय प्रेम आहे. तेही खोटं नव्हतंच म्हणा.

आणखी एक सवय तिला त्याच वर्षांत लागली. सकाळी उठवताना ती आता हाक मारत नसे. खाटेशी बसून त्याच्या मनगटावर बोटं वाजवायची. आधी दोन टिचक्या, जरा थांबून भरभर तीन, आणि शेवटी एक बोट दाबून धरायची. ताराचंदला वाटे, मागाचा ठेका बाईच्या अंगात मुरलाय. हातमागाच्या दिवसांत त्याच्या मागाशेजारी बसून तिने सुताच्या कांड्या भरल्या होत्या; बोटं दुसरं काय वाजवणार?

मागच्या वर्षी धंतोलीतल्या एका दवाखान्यात ती अकरा दिवस होती. किडन्या गेल्या होत्या. नवव्या दिवशी तिने त्याला वाकायची खूण केली आणि सावकाश, त्याला नीट दिसेल असे ओठ हलवून विचारलं, "जावई येऊन राहिला का जी झाडावर?"

"रोज येते," ताराचंद म्हणाला. "रोज बोलते."

"काय बोलते?"

वीस वर्षांत तिने हे कधी विचारलं नव्हतं.  त्याने उगीच तिच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं, सलाईनच्या बाटलीकडे बघितलं.  मग तिने त्याचा हात ओढून घेतला आणि मनगटावर बोटं वाजवत, डोळे मिटून पडून राहिली. दोन दिवसांनी गेली.

मरणाऱ्या बाईला आपण शेवटचं उत्तर दिलं तेही खोटं, आणि तिने पुढे विचारलं तर उत्तरच नव्हतं, हे ताराचंदच्या मनात काट्यासारखं रुतून बसलं. त्यात आणखी एक गोष्ट त्याला तेराव्यानंतर कळली. त्याचे कान वच्छलाजवळ होते. दार तीच उघडायची, दुकानदाराचं बोलणं तीच दुसऱ्यांदा मोठ्याने सांगायची, आणि तेही असं, की जणू तिलाच ते पुन्हा म्हणावंसं वाटलं. आता लोक दार वाजवून निघून जात. म्हातारा माजलाय, असं गल्लीत बोलत. हेमराज मौद्याच्या वीज केंद्रात कंत्राटदाराकडे कामाला, राहायलाही तिकडेच. तो फोन करायचा. फोनला ओठ नसतात. ताराचंद पलीकडून जे काही येईल त्याला "हो, बरा आहो" म्हणून फोन ठेवून द्यायचा. एकदा हेमराजने विचारलं होतं, "आबा, कोणत्या दिवशी येऊ?" त्यालाही तेच उत्तर मिळालं. त्यानंतर हेमराजने मशीन आणून दिलं. त्यात पंखा, रिक्षा आणि भांडी एवढंच ऐकू यायचं, म्हणून ते डबीत गेलं, हेमराजला न सांगता.

कडुनिंबाखाली ताराचंद महिनोन्महिने बसला. पण सकाळी त्या झाडावर दहा जातींचं पाखरू येतं, आणि कोणी पाटी लावून येत नाही. त्यातला जावई कोणता? दिवाळीला नात मयुरी आली, तिला त्याने फक्त एवढंच विचारलं की पाखरांची नावं सांगणारं कोणी असते का. मयुरी हुशार. तिने का ते विचारलं नाही. जानेवारीअखेरीस त्याच्या फोनवर तिचा निरोप आला: "आबाजी, तुमचं नाव टाकलं. रविवारी सहा वाजता, गोरेवाडा गेट. मशीन लावून जा."

गेटवर वीसेक माणसं जमली होती. सगळी मातकट, खाकी कपड्यांत, गळ्यात दुर्बिणी. पाखरांना वाटत असेल पोलीस आले. ताराचंद पांढऱ्या लेंग्यात, अंगावर वच्छलाने विणलेला लाल स्वेटर. नेणारी बाई चारुशीला नावाची, पस्तिशीची, आठवडाभर शाळेत विज्ञान शिकवणारी. तिने त्याच्या स्वेटरकडे बघितलं. सगळ्यांकडे तोंड करून तिने नियम सांगितले: हळू चाला, बोट दाखवू नका, मोठ्याने बोलू नका. हे सगळं ताराचंदला कळलं. ते शेवटचंच कळलेलं.

कारण आत शिरल्यावर चारुशीला झाडांकडे तोंड करून बोलू लागली, आणि तेही कुजबुजत. ताराचंदला तिची टोपी आणि पाठ दिसत होती. मशीनमध्ये सागाचा वाळका पाला. वीस माणसांचे चाळीस पाय त्या पाल्यावरून चालत होते आणि त्याच्या कानात पापड मोडत होते. लोक मध्येच थांबत, एकमेकांकडे बघून हसत, मान हलवत. ताराचंदही थांबायचा, हसायचा, मान हलवायचा. माणसांच्या घोळक्यात पहाटे चालायचं त्याला फार वर्षांनी मिळालं होतं. पण पाजणीला त्याच्या हातात कुंचा असायचा. इथे तो हात मागे बांधून सोंग करत होता. घरात एकटं असण्यापेक्षा हे जास्त एकटं होतं.

तळ्याकाठी सगळे एका झुडपासमोर थांबले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. निळ्या गळ्याचं एक लाजरं पाखरू, हिवाळ्यापुरतं दूर देशाहून येणारं, त्या झुडपात शिरलं होतं. ऋषिकेश नावाचा एक जण हातभर लांब कॅमेरा घेऊन चिखलात गुडघे टेकून बसला होता. ताराचंदला यातलं काही माहीत नाही. त्याला एवढंच दिसलं की आता कोणाचेच ओठ हलत नाहीत. म्हणजे सगळे रिकामे आहेत. विचारायचं तर आत्ताच. तो चारुशीलाजवळ गेला आणि त्याने विचारलं. हळूच विचारलं, त्याच्या मते. पण चोवीस मागांच्या शेडमध्ये जो आवाज हळू असतो, तो.

"मॅडम! जावई पक्षी कुठी दिसते जी?"

निळ्या गळ्याचं पाखरू गेलं ते गेलंच. तळ्यावरची बदकंसुद्धा उठली. ऋषिकेश चिखलातून वळला आणि नेमका ताराचंदकडे तोंड करून बोलला, "काय यार काकाजी! काहून इतक्या जोरानं बोलून राहिले?" आत शिरल्यापासून कोणाचं काही कळलं नव्हतं, हे मात्र अक्षर न् अक्षर कळलं. मागचे दोघं-तिघं 'जावई' म्हणून हसले, तेही कळलं.

ताराचंद मागे सरला. अजून मागे सरला. लोक पुढे निघाले तेव्हा तो उलट्या बाजूला, गेटच्या दिशेने चालू लागला. डोळ्यांत पाणी येऊन राहिलं होतं आणि त्याला त्याचाच राग येत होता. या वयात कशाला आलो इथे तोंड काळं करायला!

खांद्यावर हात पडला. चारुशीला होती. ती वळसा घेऊन त्याच्यासमोर आली, टोपी वर केली आणि सावकाश बोलली. शाळेत शेवटच्या बाकावरची पोरं सांभाळणाऱ्या बाईला काही गोष्टी सांगाव्या लागत नसाव्यात. "काकाजी, कोणता पक्षी म्हणून राहिले होते तुम्ही?"

"जावई. आमच्या घरची म्हणे तसं. खरं नाव मले नाही माहीत."

"कसा असतो दिसायला?"

आता काय सांगणार? त्याने पाहिला कुठे होता? त्याला फक्त वच्छला दिसली होती. मग ताराचंदने मफलर काढला, दोन्ही हातांनी कमरेमागे पसरून धरला आणि त्या जंगलवाटेवर एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, ऐटीत अंग वळवून दाखवलं. एकोणसत्तर वर्षांचा माणूस, लेंगा, लाल स्वेटर.

चारुशीला हसली, पण मघाच्या लोकांसारखी नाही. "नाचण!" ती म्हणाली. "काकाजी, नाचण आहे ती. चला माझ्यासंगं."

बाकीच्यांना पुढे थांबायला सांगून तिने त्याला नाल्याकडे नेलं. बांबूचं बेट होतं. तिने बोट दाखवू नका हा आपलाच नियम मोडला आणि बोट दाखवलं. आणि ताराचंदने जावई बघितला.

चिमणीएवढाच. काळसर अंग, कपाळावर गंध रेखावं तशी रुंद पांढरी भुवई. खालच्या फांदीवर आला, शेपटीचा पंखा पुरता उघडला, डावीकडे वळला, उजवीकडे वळला, दोन पावलं टाकली आणि पुन्हा वळला, सगळा मांडव आपल्याकडेच बघतोय ना हे तपासत. वच्छलाने काहीच वाढवून दाखवलं नव्हतं. ताराचंदला हसू फुटलं. मग पाखराने चोच उघडली, गळा थरथरला. चारुशीलाचा चेहरा एकदम उजळला. ताराचंदने मशीन कानात दाबलं. खरखर, पाला, कुठूनशी विमानाची घरघर. बाकी काही नाही.

"बोलला ना?" चारुशीलाने विचारलं. "ऐकलं?"

तेच शब्द. ताराचंदच्या जिभेवर वीस वर्षांचं उत्तर तयार होतं. 'हो' पर्यंत ओठ आलेही. पण समोर वच्छला नव्हती, आणि आता कोणासाठी खोटं बोलायचं?

"नाही," तो म्हणाला. "मले नाही ऐकू येत. वीस-पंचवीस वर्षं झाली. घरी कोणाले सांगितलं नाही."

एवढं बोलायला त्याला म्हातारपण आणि एक परकी बाई लागली. चारुशीलाने मान हलवली.  मग म्हणाली, "हात द्या इकडे." तिने त्याचं मनगट धरलं आणि पाखराने पुन्हा गळा उघडला तेव्हा त्याच्या बरोबरीने बोटं वाजवली.

दोन टिचक्या. जरा थांबून भरभर तीन. आणि शेवटी एक बोट दाबून.

 तिने पुन्हा वाजवलं. तिसऱ्यांदा पाखरू सुरू झालं तेव्हा त्याने आपला हात सोडवून घेतला आणि तिच्याच मनगटावर सगळं वाजवून दाखवलं, शेवटचं बोट दाबून धरण्यासकट.

"काकाजी, तुम्हाले तर येते!" चारुशीला चकित झाली.

"हो," ताराचंद म्हणाला. "मले पाठ आहे."

मागाचा ठेका कुठे असा असतो? मागाचा ठेका सारखा पडतो, एकासारखा एक, थांबत नाही, दाबून धरत नाही. विणकराच्या पोटी जन्मलेल्या माणसाला एवढं कळू नये? जन्मभर माग चालवला आणि बायकोच्या बोटांत तो नाही हे ओळखता आलं नाही. तिला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. म्हणून हाक मारायचं बंद करून तिने रोज पहाटे पाखरू त्याच्या हातावर आणून ठेवलं, आणि उंबऱ्यात बसून रोज विचारलं, बोलला ना, की कधीतरी हा माणूस आपणहून नाही म्हणेल. त्याने एकदाही म्हटलं नाही. धंतोलीतही म्हटलं नाही. काय बोलते, तिने विचारलं, आणि हा पांघरूण सारखं करत बसला, तेव्हा उत्तरही तिनेच दिलं.

"येड्या," ताराचंद स्वतःलाच म्हणाला, आणि शेडमधल्या आवाजात म्हणाला. जावई उडून गेला.

फिरणं संपल्यावर गेटवर सगळ्यांनी तर्री-पोहे खाल्ले. ऋषिकेशने स्वतःहून एक प्लेट आणून दिली, काहीतरी बोललाही, पण तोंडात घास होता त्यामुळे कळलं नाही. "मशीन आहे, पण काही कामाचं नाही जी," ताराचंद त्याला म्हणाला. आज दुसऱ्यांदा तो खरं बोलला, आणि ते तितकं अवघड गेलं नाही. पुढच्या महिन्यात याल ना, चारुशीलाने विचारलं. पाहू, तो म्हणाला.

सायकलवरून येताना सगळ्या रस्त्यात त्याला एकच वाटत होतं, की घरी जाऊन हे सांगावं. अवं वच्छला, मले कळलं. घर आलं, कुलूप काढलं, तेव्हा सांगायचं कोणाला हे लक्षात आलं. मग त्याने मयुरीला निरोप लिहिला. चष्मा लावून, एक एक अक्षर शोधत: "जावई पाहिला. मले ऐकू येत नाही बेटा. बापाले सांग, फोन नको करू, लिहून पाठव."

सोमवारी पहाटे त्याला जाग आली तेव्हा अजून उजाडलं नव्हतं. तो पडून राहिला. मग उजव्या हाताची बोटं डाव्या मनगटावर ठेवून त्याने वाजवून बघितलं. दोन, थांबून तीन, शेवटचं दाबून. बरोबर वाजलं, एकही चुकलं नाही. पण बोट कधी पडणार हे आपल्याला आधीच माहीत असतं, त्यामुळे तसं वाटत नाही. त्याने अजून एकदा करून बघितलं. मग उठला, चहा ठेवला आणि दोन कप काढले होते त्यातला एक परत ठेवून दिला. उंबऱ्यात बसून तो कडुनिंबाकडे बघू लागला. ओठ वाचायचे नव्हते, झाडाकडे बघायची मोकळीक होती, आणि त्यातला जावई कोणता हे आज पहिल्यांदाच त्याला माहीत होतं.